सहावी ते आठवीच्या वर्गात निरीक्षणाला जाताना : कोल्हापुरातल्या एका शाळेतून

बी.एड.च्या पहिल्या वर्षी आम्हाला निरीक्षणासाठी कोल्हापुरातल्या एका पेठेतली शाळा मिळाली. पाचवी ते दहावी, मराठी माध्यम, शाळेच्या पाठीमागेच तालीम. मी मूळची नाशिककडची, कोल्हापूर तेव्हा मला नवीनच होतं. हातात कॉलेजनं दिलेला छापील तक्ता : प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, प्रश्नकौशल्य, फलकलेखन, शैक्षणिक साधनं, मूल्यमापन, गृहपाठ. प्रत्येकासमोर शेऱ्यासाठी दोन बोटं जागा. पहिल्या दोन दिवसांत मी असे पाच तक्ते भरले. 'फलकलेखन सुवाच्य', 'प्रश्न योग्य', 'वर्गनियंत्रण चांगले'. रात्री खोलीवर बसून ते पुन्हा वाचले, तेव्हा दिसलं की या पाच पाठांचे शेरे आपापसांत बदलले तरी कुणाला पत्ता लागणार नाही. पाच तक्त्यांत एकही मूल नव्हतं.

तिथून पुढं मी वेगळी वही केली. त्या वहीत जे जमत गेलं आणि जे उशिरा कळलं, ते इथं क्रमानं लिहिते आहे. २०१४ च्या एनसीटीई (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) नियमावलीनुसार दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये एकूण २० आठवडे शाळेत काढायचे असतात, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. त्यातले निरीक्षणाचे दिवस मोजकेच. एकदा सराव पाठ सुरू झाले की मागं बसून शांतपणे बघायला सवडच मिळत नाही.

जाण्याआधी

कॉलेजचं पत्र, ओळखपत्र आणि शाळेचं वेळापत्रक या तीन गोष्टी हातात असल्याशिवाय जाऊ नका. वेळापत्रक कार्यालयात मागितलं की मिळतं, त्याचा मोबाइलवर फोटो न काढता वहीत उतरवून घ्या. उतरवताना कुठला विषय मधल्या सुट्टीनंतर येतो, कुठला शेवटच्या तासाला, हे आपोआप ध्यानात राहतं. शनिवारी सकाळची शाळा असते, तेही लिहून ठेवा.

वर्ग निवडायची मोकळीक असेल तर एकच तुकडी धरा आणि तिच्यामागं दिवसभर फिरा. आमच्यातल्या बहुतेकांनी आपापल्या विषयाचे तास निवडले. गणितवाले गणिताला, इतिहासवाले इतिहासाला. मी सहावीची एक तुकडी धरली आणि तिचे सगळे तास पाहिले. गणिताला गप्प बसणारी मुलगी हिंदीच्या तासाला सगळ्यांच्या आधी हात वर करते, हे एरवी मला कळलंच नसतं.

पाठ्यपुस्तक वाचून जा. बालभारतीचं सहावीचं गणित मी आदल्या रात्री पुन्हा उघडलं, पूर्णांक संख्यांचा पाठ होता. आपल्याला घटक माहीत असला तरी पुस्तकात तो कुठल्या उदाहरणापासून सुरू होतो, हे बघायला हवं. शिक्षक पुस्तकापासून कुठं बाजूला गेले, ते मगच दिसतं.

परिपाठाच्या आधी पोहोचा

शाळा अकराची असेल तर साडेदहाला फाटकात असा. शिपाईमामांना नाव सांगा, मुख्याध्यापकांना भेटा, रजिस्टरला सही करा. शिक्षकखोलीत आपण होऊन खुर्ची धरू नका, प्रत्येक खुर्चीवर कुणाचा तरी हक्क असतो. कुणीतरी 'बसा की' म्हणतंच.

परिपाठाला मैदानाच्या कडेला मुलांच्या बाजूनं उभं राहा. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या. बातम्या कोण वाचतं, मागच्या रांगेत काय चाललंय, उशिरा येणाऱ्यांना कुठं थांबवतात, हे सगळं बघण्यासारखं असतं. पावसाळ्यात आमचा परिपाठ व्हरांड्यात व्हायचा. रेनकोटांचं पाणी निथळत असायचं आणि बातम्यांमध्ये पहिली बातमी रोज एकच : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती फूट. ही बातमी पुढं कामाला आली, तिच्याकडं येतेच.

पहिल्या तासाला हजेरी होते तेव्हा पट ऐका. गैरहजर कोण, सलग किती दिवस, आणि कारण विचारल्यावर शेजारचं पोर काय सांगतं, ते टिपा. आजारपण असतं, गावाकडचं लग्न असतं, शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाचा सामना असतो. करवीर, कागल, शिरोळकडच्या शाळांत गेलेल्या मैत्रिणींना गळीत हंगामात ऊसतोड मजुरांची मुलं वर्गात येताना आणि मधूनच नाहीशी होताना दिसली. याच संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. गैरहजर मुलाचा विचार इथल्या शाळेत इतका जुना आहे. निरीक्षणाच्या तक्त्यात मात्र गैरहजरांसाठी रकाना नसतो. तो स्वतः आखून घ्या.

बसायचं कुठं

या एका गोष्टीवर सगळ्यात जास्त अवलंबून आहे, म्हणून इथं जरा थांबते.

रिवाज असा की निरीक्षकानं मागं, दाराजवळ, खुर्ची टाकून बसायचं. तिथून फळा उत्तम दिसतो, शिक्षक उत्तम दिसतात आणि मुलांच्या पाठी दिसतात. चाळीस वेण्या आणि कॉलर. मीही दोन दिवस तशीच बसले. तिसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला मॅडमनी फळ्यावर लिहिलं : (−३) − (−५). चार-पाच हात वर गेले. शेवटच्या बाकावरचा, खिडकीला लागून बसलेला मुलगा बाहेर बघत होता. माझ्या वहीत त्या दिवशीची ओळ अशी आहे : 'खिडकीजवळचा मुलगा, पूर्ण तास बाहेर बघतो, लक्ष नाही.'

चौथ्या दिवशी छताची गळती खुर्चीवर येत होती म्हणून मी खुर्ची उचलून पुढं, खिडकीच्या भिंतीला लावली. आता मुलांचे चेहरे माझ्याकडं होते. मॅडमनी तसंच आणखी एक उदाहरण घातलं. तो मुलगा पुन्हा खिडकीकडं वळला. या वेळी त्याचं बोट दिसलं. खिडकीच्या मधल्या गजावर बोट ठेवलं, डावीकडं तीन गज मोजले, थांबला, ओठ हलले, मग उजवीकडं पाच गज सरकला. मधल्या गजाच्या उजवीकडं दुसऱ्यावर बोट टेकवलं आणि खाली घेतलं. वहीत काही लिहिलं नाही. हातही वर केला नाही. उत्तर बरोबर होतं. आदल्या दिवशीचंच उदाहरण तो पुन्हा ताडून बघत होता.

मी मागची ओळ खोडली नाही. तिच्याखाली तारीख घालून दुसरी लिहिली.

तर बसण्याचा क्रम असा ठेवा. पहिला दिवस मागं, वर्गाचा अंदाज येण्यापुरता. दुसऱ्या दिवसापासून पुढच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, मुलांचे चेहरे आणि हात दिसतील असं. जागा बदलण्याआधी शिक्षकांना विचारा, कारण त्यांच्या नजरेच्या टप्प्यात सतत कुणीतरी लिहीत बसलेलं असणं त्रासाचं होऊ शकतं. एखादा तास मुलांच्या बाकावर, रिकाम्या जागी बसून काढा. फळ्यावरचं कुठलं अक्षर तिथून चमकतं, पंख्याच्या आवाजात काय ऐकू येत नाही, ते तिथंच कळतं.

वही कशी आखायची

पानावर तीन उभे रकाने करा. डावीकडं वेळ. मध्ये, दिसलं आणि ऐकू आलं ते. उजवीकडं, मला काय वाटलं. मधल्या रकान्यात 'लक्ष नाही', 'हुशार', 'मस्ती', 'छान' हे शब्द लिहायचे नाहीत, असा मी स्वतःला दंडक घातला होता. 'मस्ती करतो' याऐवजी 'पुढच्याच्या दप्तराचा पट्टा ओढला, दोनदा' असं लिहायचं. हात दुखतो, पण आठवडाभरात सवय होते.

माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते.

१२.१० – मॅडम विचारतात, 'आज बंधाऱ्यावर पाणी किती?' दहा-बारा जण एकदम, 'एकोणचाळीस!' 'धोका कितीला?' सगळे, 'त्रेचाळीस!'
१२.१२ – फळ्यावर उभी रेघ. ४३ जवळ शून्य लिहितात. 'धोक्याला शून्य धरलं, तर आज आपण कुठं?' शांतता. मी मनात सातपर्यंत मोजलं. दुसऱ्या रांगेतला मुलगा, 'उणे चार की.'
१२.१४ – 'काल सदतीस होतं. म्हणजे?' 'उणे सहा.' 'मग किती चढलं?' बरेच जण, 'दोन फूट.'
१२.१५ – मॅडम लिहितात : (−४) − (−६) = +२. आवाज वाढला. तिसऱ्या बाकावरच्या दोघी मागं वळून बोलतात. एकजण उभा राहून हातानं पाणी चढल्याचं दाखवतो.
१२.१७ – तिसऱ्या बाकावरची मुलगी, हात वर न करता : 'मॅडम, आमच्या सुतारवाड्यात शून्याच्या आधीच पाणी येतं.'

उजव्या रकान्यात मी आधी 'गोंधळ' लिहिलं होतं. नंतर मधला रकाना वाचला, तर सात मिनिटांत जे जे ऐकू आलं ते सगळं पाण्याबद्दल आणि पूर्णांकांबद्दलच होतं. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ हे इथल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. २०१९ आणि २०२१ चे महापूर त्यांच्या घरांत अजून बोलले जातात. ऋण संख्येतून ऋण संख्या वजा करणं हा सहावीला अडणारा भाग, आणि तो मॅडमनी पुस्तकातली संख्यारेषा उभी करून दोन वाक्यांत पोहोचवला. 'शैक्षणिक साधनं' या रकान्यात काय लिहायचं असा प्रश्न मला पडला होता. तक्ता, प्रतिकृती, पीपीटी, काहीच नव्हतं. मी लिहिलं : पंचगंगा.

त्या मुलीचं वाक्य मात्र उजव्या रकान्यात तसंच ठेवलं आहे, पुढं काही न लिहिता. मॅडम क्षणभर तिच्याकडं बघून म्हणाल्या, 'मग तुझ्या घराचं शून्य कुठं, सांग बघू?' आणि तिनं फळ्यावर येऊन तिचं शून्य खाली काढलं.

रोज एकच गोष्ट मोजा

सगळं एकदम बघायला गेलं की काहीच हाती लागत नाही. रोज एक गोष्ट ठरवून जा.

एक दिवस फक्त प्रश्न मोजा. बाकांचा नकाशा काढा आणि शिक्षकांनी ज्याला विचारलं त्या चौकोनात एक रेघ मारा. मुलगे-मुली, पुढचे-मागचे, उजवे-डावे. पस्तीस मिनिटांनी नकाशा बघा. माझ्या एका नकाशात फळ्यासमोरच्या दोन रांगांत रेघांची गर्दी होती आणि भिंतीकडची रांग कोरी.

दुसऱ्या दिवशी थांबण्याचा वेळ मोजा. प्रश्न विचारल्यापासून शिक्षक पुन्हा बोलेपर्यंत किती सेकंद जातात? मेरी बड रोव या अमेरिकन संशोधिकेनं हे मोजलं, तेव्हा बहुतेक शिक्षक सुमारे एक सेकंदच थांबतात असं आढळलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि न बोलणारी मुलंही बोलू लागली. बंधाऱ्याच्या प्रश्नानंतरचे ते सात आकडे म्हणूनच माझ्या वहीत आले. घड्याळाकडं बघू नका, मनात मोजा.

तिसऱ्या दिवशी फ्लँडर्सची पद्धत, म्हणजे वर्गात कोण किती आणि कसं बोलतं ते आकड्यांत टिपायची. आपल्याला परीक्षेसाठी त्याचे दहा प्रकार पाठ असतात : सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या, एक शांतता किंवा गोंधळाचा. दर तीन सेकंदांनी आकडा लिहायचा. पूर्ण तास हे करणं मला झेपलं नाही आणि त्याची गरजही वाटली नाही. दहा मिनिटं करा, दोनशे आकडे होतात. त्यातले ५ किती, म्हणजे नुसतं व्याख्यान किती, एवढं मोजलं तरी पुरे.

आणि एक दिवस एकाच मुलावर द्या. सकाळपासून शाळा सुटेपर्यंत एकच मूल, त्याला कळू न देता. कुणी त्याच्याशी किती वेळा बोललं? मी निवडलेल्या मुलीला अख्ख्या दिवसात शिक्षकांनी नावानं एकदाच हाक मारली, तीही खिडकी लावायला.

भाषेबद्दल, बाहेरून येणाऱ्यांसाठी

मी पहिल्या आठवड्यात एक 'चूक' सतत टिपत होते. मुली म्हणायच्या, 'मॅडम, मी सोडवतो', 'मी आलो'. मी उजव्या रकान्यात लिहायचे, 'लिंगाची चूक, दुरुस्ती केली नाही'. मराठीच्या सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, 'आमच्याकडं आया-आज्या असंच बोलतात मॅडम. वहीत लिहिताना 'सोडवते' लिहिते का, ते बघा तुम्ही.' मी वह्या पाहिल्या. बहुतेकींनी 'सोडवते'च लिहिलं होतं. बोलायची आणि लिहायची भाषा त्या अकराव्या वर्षी सहज वेगळी ठेवत होत्या. घरी कन्नड, हिंदी, मारवाडी बोलणारी मुलंही वर्गात असतात. निरीक्षकानं वर्गात कुणाचं बोलणं सुधारू नये.

मधली सुट्टी

शिक्षकखोलीत चहा घेत बसायचा मोह होतो. दोन दिवस घ्या, बाकीचे दिवस बाहेर थांबा. पोषण आहाराचं ताट घेऊन कोण कुणाशेजारी बसतं, कोण डबा आणतं, कोण दोनदा वाढून घेतं. सहावी ते आठवीच्या मुलाला या योजनेत ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं द्यायची असतात. ज्या दिवशी आहार उशिरा आला, त्या दिवशी सुट्टीनंतरचा तास कसा गेला, ते शेजारी शेजारी लिहा.

काय करायचं नाही

मुलांचे फोटो किंवा व्हिडिओ काढायचे नाहीत, वर्गात चांगलं काही घडलं तरीही. वहीत नावं लिहायची नाहीत, बाकाचा क्रमांक लिहा. आडनाव, जात, घरची परिस्थिती विचारायची नाही. मूल आपण होऊन काही गंभीर सांगू लागलं, मार, भीती, कुणाचा त्रास, तर ऐका, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. तसं काही दिसलं तर वेळेसह लिहा आणि आपल्या कॉलेजच्या मार्गदर्शकांशी बोला. आपल्या घोळक्यात त्याची चर्चा करू नका.

ऑफ तास आला की 'तुम्ही जरा वर्ग बघा' म्हणून पाठवतात. नाही म्हणू नका, पण शिकवायला घेऊ नका. मी मुलांना त्यांच्या गल्लीचा नकाशा काढायला सांगायची. तालीम, देऊळ, चहाची टपरी, पाणी कुठपर्यंत आलं होतं ती खूण. त्या नकाशांनी मला वर्गाची ओळख करून दिली.

शिक्षकांशी बोलणं

तास संपल्या संपल्या दारात गाठू नका. त्यांना पुढचा वर्ग असतो. 'छान झाला तास' एवढंच म्हणून थांबूही नका. एकच प्रश्न विचारा, आणि तो मधल्या रकान्यातून उचला : 'मॅडम, त्या प्रश्नानंतर तुम्ही बराच वेळ थांबलात, ते ठरवून का?' अशा प्रश्नाला शिक्षक मनापासून उत्तर देतात, कारण त्यात शेरा नसतो. वही बघायला मागितली तर द्या. द्यायला लाज वाटेल असं काही उजव्या रकान्यात असेल, तर ते मधल्या रकान्याच्या आधारानं पुन्हा लिहा.

खिडकीच्या गजांचं मी मॅडमना चार दिवसांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, 'वहीत तो काहीच लिहीत नाही, मला वाटायचं त्याला येतच नाही.' दुसऱ्या दिवशी उदाहरण घातल्यावर त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. मुलानं एकदा वर पाहिलं आणि बोट गजावर ठेवलं.

तक्ता आणि शेवटचा दिवस

कॉलेजचा तक्ता भरावाच लागतो. तो रोज संध्याकाळी वहीवरून भरा, प्रत्येक शेऱ्यासमोर एक घडलेली गोष्ट घालून. 'प्रश्न योग्य' ऐवजी 'उभ्या संख्यारेषेवर चढत्या क्रमानं चार प्रश्न, शेवटच्याला बहुतेकांचं उत्तर'. जागा कमी पडली तर मागं कागद जोडा. सादर करायच्या आदल्या रात्री मैत्रिणीच्या वहीवरून उतरवलेले तक्ते सही होऊन जातात, मार्कही पडतात. पण पुढं सराव पाठाचं टाचण काढायला बसल्यावर समोर काहीच नसतं. माझ्या पहिल्या सहा टाचणांच्या समासात याच वहीतल्या तारखा आहेत : कुठं थांबायचं, भिंतीकडच्या रांगेला कधी विचारायचं.

उपस्थितीचा दाखला शेवटच्या दिवसाची वाट न बघता दोन दिवस आधी मागा. मुख्याध्यापक बैठकीला गेले की शिक्का कपाटात राहतो. मावशी, शिपाईमामा, ज्यांच्या तासाला बसलात ते सगळे, यांना जाऊन भेटा.

मुलं विचारतात, 'मॅडम, परत कधी येणार?' तारीख माहीत असेल तर तारीख सांगा. नसेल तर माहीत नाही म्हणा.